डेन्मार्क आणि त्याचे शेजारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेन्मार्कला शिकायला, नोकरीला किंवा फिरायला निघालेले लोक आणि इतिहासाची आवड असलेले वाचक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे प्रश्न आहेत, मग गुंतागुंतीचे. डेन, स्वीड आणि नॉर्वेजियन यांच्या नात्याला मराठीत नेमका शब्द आहे, भाऊबंदकी. घर एकच, पण वाटण्या झालेल्या. बांधावरून पिढ्यानपिढ्या भांडण, आणि अडचणीच्या वेळी पहिला दरवाजा उघडणार तोही भाऊबंदाचाच.

१. स्कँडिनेव्हिया आणि नॉर्डिक देश एकच ना?

नाही. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन हे तिघे म्हणजे स्कँडिनेव्हिया. त्यात फिनलंड आणि आइसलँड धरले की झाले नॉर्डिक देश. फेरो बेटं आणि ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्यात असली तरी त्यांचं स्वतःचं सरकार आहे. फिनिश माणसाला स्कँडिनेव्हियन म्हटलंत तर तो बहुधा तुमची चूक दुरुस्त करेल, कारण फिनिश भाषा निराळ्याच कुळातली आहे. पाचही देशांच्या खासदारांची नॉर्डिक परिषद १९५२ पासून आहे, मंत्र्यांची परिषद १९७१ पासून.

२. हे सगळे युरोपियन युनियनमध्ये आहेत का?

डेन्मार्क १९७३ मध्ये तेव्हाच्या युरोपीय समुदायात गेला. स्वीडन आणि फिनलंड १९९५ मध्ये युनियनमध्ये आले. नॉर्वेच्या जनतेने १९७२ आणि १९९४ असं दोनदा मतदान करून नकार दिला. आइसलँडही बाहेर आहे. युरो चलन फक्त फिनलंडमध्ये चालतं. एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या शेंगेन क्षेत्रात मात्र पाचही देश आहेत, आणि प्रवाशाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं (प्रश्न १४ आणि १५ पाहा).

३. डॅनिश शिकलं की स्वीडिश आणि नॉर्वेजियन आपोआप कळतात का?

वाचायला बऱ्याच अंशी कळतात. ऐकायला वेळ लागतो.

लिखित डॅनिश आणि नॉर्वेजियनचं मुख्य लिखित रूप, म्हणजे बुकमोल, इतकी जवळ आहेत की डॅनिश वाचणाऱ्याला ऑस्लोचं वर्तमानपत्र पहिल्या दिवसापासून समजतं. याचं कारण राजकीय आहे. कित्येक शतकं नॉर्वेत लिहिण्याची भाषा डॅनिशच होती (प्रश्न ८). उच्चारात मात्र नॉर्वेजियन आणि स्वीडिश जवळ, आणि डॅनिश एकटी दूर. म्हणून तिघांत नॉर्वेजियन माणसालाच दोन्ही शेजारी सगळ्यात चांगले समजतात.

डॅनिशमध्ये शब्दामधले कठोर वर्ण मऊ झाले आहेत. पुस्तकाला स्वीडिशमध्ये 'बूक' म्हणतात. डॅनिशमध्ये ते लिहिताना 'बोग' आणि बोलताना जवळजवळ 'बोउ' होतं. रस्ता स्वीडिशमध्ये 'गाता', डॅनिशमध्ये 'गेदे', आणि त्यातला 'द' इतका सैल की नवख्याला 'ल' वाटतो. हा बदल एकदा कानात बसला की शेकडो शब्दांची जोडी आपोआप लागते.

आमचा सल्ला असा. आधी डॅनिश नीट शिका. मग रोज दहा मिनिटं बुकमोल वाचा, नंतर नॉर्वेजियन बातम्या मथळे समोर ठेवून ऐका. स्वीडिश त्यानंतर. उलट क्रमाने गेलेल्यांची गाडी बहुतेक वेळा डॅनिश ऐकण्यापाशीच अडते.

४. डॅनिश आकडे इतके विचित्र का आहेत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आणि इथे मराठी माणसाला स्वीडिश माणसापेक्षा सोपं जायला हवं, असं आमचं ठाम मत आहे.

डॅनिशमध्ये पन्नासपासून पुढची मोजणी विसांवर चालते. आपल्याकडे जुनी माणसं 'तीन विसा साठ' म्हणायची, तशीच. साठ म्हणजे 'त्रेस', मूळ अर्थ तीन वेळा वीस. ऐंशी म्हणजे 'फिर्स', चार वेळा वीस. खरी गंमत पन्नासात आहे. 'हाल्वत्रेस' म्हणजे 'अर्धा तिसरा' वेळा वीस. दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा, म्हणजे अडीच. अडीच गुणिले वीस, पन्नास. सत्तर साडेतीन विसा, नव्वद साडेचार विसा.

आता आपला 'अडीच' बघा. तो संस्कृत 'अर्धतृतीय'वरून आला आहे. अर्धा तिसरा! 'दीड'च्या मागेही 'द्व्यर्ध' आहे, म्हणजे अर्धा दुसरा, आणि डेन आजही दीडला 'अर्धा दुसरा' याच अर्थाचा 'हाल्वॅनन' शब्द रोज वापरतात. स्वीडिशमध्ये पन्नास म्हणजे सरळ 'पाच दहा', त्यामुळे शेजाऱ्यांना डॅनिश हिशेब डोक्यावरून जातो. मराठी कानाला तो जाऊ नये.

दुसरी गोष्ट क्रमाची. डॅनिशमध्ये पंचावन्न म्हणताना आधी पाच, मग पन्नास. आपल्या पंचावन्नातही पाच आधीच येतो. स्वीडिशमध्ये दशक आधी. नॉर्वेतही पूर्वी एकक आधी म्हणत, पण १९५१ मध्ये सरकारी निर्णयाने दशक आधी आलं. वयस्कर नॉर्वेजियन मात्र अजून जुन्या पद्धतीने बोलतात.

चूक होते ती फोन नंबर लिहून घेताना. डॅनिश नंबर आठ आकडी असतो आणि दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात. 'सात आणि वीस' ऐकताच हात सात लिहून मोकळा होतो. जोडी पूर्ण होईपर्यंत पेन उचलू नका.

५. कोणते सारखे शब्द फसवतात?

'फ्रोकोस्ट' डेन्मार्कमध्ये दुपारचं जेवण, नॉर्वेत सकाळची न्याहारी. स्वीडिश 'फ्रुकोस्त'सुद्धा न्याहारीच. ऑस्लोच्या माणसाने 'फ्रोकोस्ट'ला भेटू म्हटलं आणि कोपनहेगनचा बारा वाजता पोचला, तर दोष कुणाचाच नाही.

'रोली' हा शब्द डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये शांत, स्वीडिशमध्ये मजेशीर. 'बी' म्हणजे डेन्मार्क-नॉर्वेत शहर, स्वीडनमध्ये खेडं. 'रार' डॅनिशमध्ये प्रेमळ, नॉर्वेजियनमध्ये विचित्र, म्हणून नॉर्वेजियन माणसाचं कौतुक करताना हा शब्द टाळलेला बरा. 'सेमेस्तर' स्वीडनमध्ये सुट्टी, डेन्मार्कमध्ये विद्यापीठाचं सत्र.

६. हे तिन्ही देश कधी एकाच राज्यात होते का?

होते. १३९७ ते १५२३, काल्मारचा संघ. तो उभा केला डेन्मार्कच्या मार्ग्रेते पहिलीने. नवऱ्याकडून नॉर्वे, वडिलांकडून डेन्मार्क आणि स्वीडिश सरदारांच्या आमंत्रणावरून स्वीडन, अशी तिन्ही राज्यं तिच्या हाती आली. जून १३९७ मध्ये काल्मार इथे तिच्या बहिणीचा नातू एरिक याचा राज्याभिषेक झाला, पण कारभार मरेपर्यंत तिचाच राहिला.

संघ मोडण्याचं सर्वांत मोठं कारण स्टॉकहोमचं रक्तस्नान. नोव्हेंबर १५२० मध्ये डॅनिश राजा क्रिस्तियान दुसरा याने राज्याभिषेकाच्या मेजवानीनंतर दोन दिवसांत ऐंशीहून अधिक सरदार, बिशप आणि नागरिकांची डोकी उडवली. मारल्या गेलेल्यांपैकी एकाचा मुलगा गुस्ताव वासा. त्याने बंड उभारलं आणि ६ जून १५२३ रोजी तो स्वीडनचा राजा निवडला गेला. ६ जून हा आजही स्वीडनचा राष्ट्रीय दिवस आहे.

७. दक्षिण स्वीडन पूर्वी डॅनिश होता म्हणतात. मग गेला कसा? आणि बॉर्नहोम डेन्मार्ककडे कसं राहिलं?

स्कोने, हालांड आणि ब्लेकिंगे हे तिन्ही प्रांत मध्ययुगापासून डॅनिश होते. साऱ्या उत्तरेचा आर्चबिशप स्कोनेतल्या लुंड गावी बसायचा.

१६५८ च्या हिवाळ्यात समुद्र गोठला. स्वीडनचा राजा कार्ल दहावा गुस्ताव युटलंडमध्ये, म्हणजे डेन्मार्कच्या पश्चिमेकडच्या द्वीपकल्पात होता. तो घोडदळ, पायदळ आणि तोफा घेऊन बर्फावरून बेटामागून बेट ओलांडत थेट कोपनहेगनच्या रोखाने आला. काही स्वार बर्फ फुटून बुडाले, पण सैन्य पोचलं. २६ फेब्रुवारीला रोस्किल्दच्या तहात डेन्मार्कने हे तिन्ही प्रांत दिले, शिवाय बॉर्नहोम बेट आणि नॉर्वेतले बोहुसलेन आणि त्र्योन्देलाग.

बॉर्नहोमच्या लोकांनी त्याच वर्षी डिसेंबरात स्वीडिश अधिकाऱ्याला ठार केलं आणि बेट पुन्हा डॅनिश राजाच्या हवाली केलं. १६६० च्या तहात ते डेन्मार्ककडे कायम झालं आणि त्र्योन्देलागही नॉर्वेला परत मिळालं. स्कोने परत आलं नाही. १६७६ ला लुंडच्या लढाईत डेन्मार्कने प्रयत्न केला, तो फसला. स्वीडनने १६६६ मध्ये लुंडला विद्यापीठ काढलं, ते या प्रदेशाला स्वीडिश वळण लावायला. तरी स्कोनेच्या बोलीतला घशातला 'र' अजून पलीकडच्या किनाऱ्याची आठवण देतो.

'खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे डॅनिश की स्वीडिश?' याचं उत्तरही इथेच आहे. तो १५४६ मध्ये स्कोनेत जन्मला, आणि तेव्हा स्कोने डेन्मार्क होतं. त्याची वेधशाळा होती ते व्हेन बेटही आज स्वीडनमध्ये आहे, तिथे जायला स्वीडनच्या लांडस्क्रोनाहून बोट मिळते. माणूस मात्र डॅनिश.

८. नॉर्वे डेन्मार्ककडे किती वर्षं होता, आणि नॉर्वेचं राजघराणं डॅनिश कसं?

१३८० ते १८१४. डेन्मार्क नेपोलियनच्या बाजूने हरला आणि १४ जानेवारी १८१४ च्या कीलच्या तहाने नॉर्वे स्वीडनला दिला गेला. नॉर्वेजियनांनी ते मुकाट्याने मानलं नाही. आइड्सव्होल इथे जमून १७ मे रोजी त्यांनी स्वतःची राज्यघटना मंजूर केली आणि डॅनिश राजपुत्र क्रिस्तियान फ्रेडरिक याला राजा निवडलं. त्याचं राज्य काही महिनेच टिकलं. पुढे स्वीडनच्या राजाखाली जावं लागलं, पण घटना राहिली, म्हणून १७ मे हा नॉर्वेचा सगळ्यात मोठा सण. तोच राजपुत्र नंतर डेन्मार्कचा राजा क्रिस्तियान आठवा झाला.

१९०५ मध्ये स्वीडनपासून वेगळं होताना नॉर्वेने डेन्मार्कच्या राजपुत्र कार्लला बोलावलं. त्याने अट घातली की आधी जनतेला विचारा. सुमारे ७९ टक्के लोकांनी राजेशाहीच्या बाजूने मत दिलं आणि कार्लने होकोन सातवा हे जुनं नॉर्वेजियन नाव घेतलं. त्याचा थोरला भाऊ डेन्मार्कचा क्रिस्तियान दहावा. नात्यांचं जाळं इथे थांबत नाही. डेन्मार्कच्या मार्ग्रेते दुसरीची आई इंग्रिद ही स्वीडनची राजकन्या, म्हणून स्वीडनचे राजे कार्ल सोळावे गुस्ताव हे मार्ग्रेते यांचे सख्खे मामेभाऊ.

९. आइसलँड आणि ग्रीनलंड डेन्मार्ककडे कसे?

ही बेटं, आणि फेरोही, मुळात नॉर्वेच्या मुकुटाची. कीलच्या तहात नॉर्वे गेला, ही मात्र डेन्मार्ककडेच राहिली. ती सल नॉर्वेत बरीच वर्षं होती. १९३१ मध्ये नॉर्वेने पूर्व ग्रीनलंडच्या एका भागावर हक्क सांगितला. खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, १९३३ मध्ये निकाल डेन्मार्कच्या बाजूने लागला आणि नॉर्वेने तो मानला.

आइसलँड १९१८ मध्ये सार्वभौम झाला, राजा तेवढा सामाईक राहिला. १७ जून १९४४ ला प्रजासत्ताक जाहीर झालं तेव्हा डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात होता. खूप डेन लोकांच्या मनाला ती वेळ बोचली, तरी राजाने शुभेच्छांची तार पाठवली. पुढे आइसलँडने आपली मध्ययुगीन हस्तलिखितं कोपनहेगनहून परत मागितली, आणि डेन्मार्कने ती दिली. २१ एप्रिल १९७१ ला पहिली दोन घेऊन डॅनिश नौदलाचं जहाज रेक्याविकला लागलं, तेव्हा धक्क्यावर माणसांचा समुद्र होता. हे काम १९९७ पर्यंत चाललं. गेलेला ऐवज आनंदाने परत करण्याची अशी उदाहरणं जगात थोडी आहेत, आणि आम्हाला या इतिहासातली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

१०. सगळ्यांचे झेंडे सारखे का?

मूळ डेन्मार्कचा, लालवर पांढरा क्रॉस, नाव दानेब्रो. १५ जून १२१९ ला एस्टोनियातल्या लढाईत तो आभाळातून पडला, ही दंतकथा. नॉर्वेने १८२१ मध्ये त्याच झेंड्यातल्या पांढऱ्या क्रॉसमध्ये निळा क्रॉस घातला. ग्रीनलंडचा १९८५ चा झेंडा मात्र क्रॉसशिवाय आहे.

एक व्यावहारिक सूचना. १ जानेवारी २०२५ पासून डेन्मार्कमध्ये ध्वजस्तंभावर परक्या देशाचा झेंडा चढवायला बंदी आहे. नॉर्डिक देशांना सूट आहे, भारताला नाही. १५ ऑगस्टला खांबावर तिरंगा फडकवायचा असेल तर मंडळाने आधीच स्थानिक पोलिसांकडे परवानगीची चौकशी करावी.

११. १९४३ मध्ये डॅनिश ज्यू स्वीडनला कसे पोचले?

ऑक्टोबर १९४३ मधल्या जर्मन धरपकडीची बातमी आधीच फुटली. माणसं घरांत, इस्पितळांत, चर्चच्या माळ्यावर लपली आणि रात्री मासेमारीच्या होड्यांतून ओरेसुंदची सामुद्रधुनी ओलांडू लागली. स्वीडनने २ ऑक्टोबरला रेडिओवरून सगळ्यांना आसरा देण्याचं जाहीर केलं. सात हजारांहून अधिक लोक वाचले, सुमारे ४७० पकडले जाऊन तेरेजिनच्या छावणीत गेले. होड्यांचं भाडं जबर होतं. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांच्यासाठी इतरांनी वर्गणी काढली. ज्या पाण्यावर दोन्ही देश शतकानुशतकं लढले, त्याच पाण्यावर हे घडलं.

१२. तिन्हीकडे क्रोनच आहे, मग डॅनिश पैसे स्वीडनमध्ये चालतील का?

नाही. १८७३ मध्ये डेन्मार्क आणि स्वीडनने एकच नाणेव्यवस्था केली, १८७५ मध्ये नॉर्वे आला. एक किलो सोन्याचे २४८० क्रोन, आणि कुणाचंही नाणं कुठेही चाले. पहिल्या महायुद्धात ते मोडलं, नाव तेवढं उरलं. आज डॅनिश क्रोन युरोला बांधलेला आहे (एका युरोला सुमारे ७.४६), बाकी दोघांचे दर रोज हलतात. पाकिटात नाणी मिसळली तर मधलं भोक बघा. डेन्मार्कच्या १, २ आणि ५ क्रोनना आणि नॉर्वेच्या १ आणि ५ क्रोनना भोक असतं, स्वीडिश नाण्यांना नसतं.

१३. नाताळातली तांदळाची खीर तिन्हीकडे सारखीच का?

जवळजवळ. डेन्मार्कमध्ये तिला 'रिसालामांद' म्हणतात, फ्रेंच धाटणीचं नाव, अर्थ बदामाचा भात. स्वीडनमध्ये तेच नाव बिघडून 'रिस आ ला माल्टा' झालं, त्याचा माल्टा बेटाशी काही संबंध नाही. नॉर्वेत 'रिसक्रेम', वर लाल फळांचा रस.

डॅनिश पद्धत अशी. एक लिटर दुधात सुमारे १८० ग्रॅम आखूड तांदूळ मंद आचेवर ४० मिनिटं शिजवायचा, सतत ढवळत, नाहीतर तळाला लागतो. बासमती मोकळा राहतो म्हणून चालत नाही, आंबेमोहर चालतो. पूर्ण गार झाल्यावर साखर, व्हॅनिला, १०० ग्रॅम चिरलेले बदाम आणि शेवटी फेटलेली क्रीम हलक्या हाताने. भात कोमट असताना क्रीम घातली की ती वितळते आणि सगळं पातळ होतं, बहुतेकांचं इथेच बिघडतं. वर गरम चेरीचा सॉस. आत एक अख्खा बदाम, तो ज्याला सापडेल त्याला बक्षीस. सापडलेला बदाम गालात लपवून शेवटपर्यंत गप्प बसायचं, म्हणजे बाकीचे पोट फुटेस्तोवर खात राहतात.

१४. नोकरी कोपनहेगनला, घर पलीकडे स्वीडनमधल्या माल्मोत स्वस्त मिळतंय. राहू का?

डॅनिश किंवा स्वीडिश नागरिकाला सहज जमतं. १ जुलै २००० पासून ओरेसुंद पूल आहे. ७,८४५ मीटरचा पूल, मग कृत्रिम बेट, मग बोगदा, आणि गाडीने साधारण चाळीस मिनिटं.

भारतीय पासपोर्टवर मात्र हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. १९५० च्या दशकापासूनची नॉर्डिक मोकळीक नागरिकांसाठी आहे, परवान्यावर राहणाऱ्यांसाठी नाही. डॅनिश निवास परवान्यावर स्वीडनमध्ये १८० दिवसांत ९० दिवस पाहुणे म्हणून राहता येतं, घर करून नाही. डेन्मार्कचा पत्ता सोडलात तर डॅनिश परवानाच रद्द होऊ शकतो. उलट बाजूने, स्वीडनचा निवास परवाना असला तरी डेन्मार्कमध्ये कामाचा वेगळा परवाना लागतो. म्हणून आधी दोन्ही देशांच्या परदेशी नागरिक कार्यालयांकडून लेखी उत्तर घ्या, मग घराचा करार करा. घरून काम करणार असाल तर कर आणि सामाजिक विमा कुठे, हेही त्याच वेळी विचारा.

रोजच्या फेरीलाही पासपोर्ट आणि निवास कार्ड दोन्ही जवळ ठेवा. स्वीडनने २०१५ पासून सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे आणि पुलानंतरच्या हिली स्थानकावर पोलीस गाडीत चढतात.

१५. शेंगेन व्हिसावर ग्रीनलंड, फेरो आणि बॉर्नहोमला जाता येतं का?

बॉर्नहोमला येतं, तो डेन्मार्कचाच भाग. पण कोपनहेगनहून तिथे जायचा नेहमीचा रस्ता स्वीडनमधून जातो. पूल ओलांडून इस्ताद, तिथून सुमारे दीड तासाची बोट र्‍योन्नेला. डॅनिश गावाहून डॅनिश बेटावर जातानाही कागदपत्रं लागू शकतात, ती बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

ग्रीनलंड आणि फेरो शेंगेनमध्ये नाहीत. डॅनिश व्हिसावर त्या जागेचं नाव स्पष्ट छापलेलं असेल तरच तो तिथे चालतो. अर्ज करतानाच दोन्ही ठिकाणं लिहा, आणि परत डेन्मार्कमध्ये यायचं असल्याने एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मागा. व्हिसा हातात आल्यावर स्टिकरवरची ओळ तिथेच, खिडकीसमोर वाचून घ्या.

१६. या सगळ्याचा मराठी माणसाशी काही संबंध आला का?

आला, तंजावरात. १६२० मध्ये तिथल्या रघुनाथ नायकाने डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाला तरंगमबाडीचं बंदर दिलं. १६७० च्या दशकात तंजावर व्यंकोजी भोसल्यांकडे आलं, आणि तेव्हापासून डॅनिश वखारीचा वार्षिक खंड मराठी दरबारात जमा होऊ लागला. सरफोजी दुसरे यांचे शिक्षक श्वार्त्झ हे जर्मन, पण हिंदुस्थानात आले ते तरंगमबाडीच्या डॅनिश मिशनमधून. १८४५ मध्ये डेन्मार्कने ही ठाणी इंग्रजांच्या कंपनीला साडेबारा लाख रुपयांना विकली.

दुसरा धागा रंगभूमीचा. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरने आणलेलं 'आंधळ्यांची शाळा' हे नॉर्वेच्या ब्यॉर्नसनच्या नाटकावरून, आणि अनंत काणेकरांचं 'घरकुल' इब्सेनच्या नाटकावरून. इब्सेनचं ते नाटक १८७९ मध्ये छापलं कोपनहेगनच्या प्रकाशकाने, पहिला प्रयोगही कोपनहेगनच्या रॉयल थिएटरात, २१ डिसेंबरला. नॉर्वे डेन्मार्कपासून सुटून पासष्ट वर्षं झाली होती, तरी नॉर्वेजियन लेखक हस्तलिखित घेऊन जात होता ते जुन्या राजधानीकडेच.